थ्रीडी मॉडेलचे भाग कसे पाडायचे: सारखे येणारे प्रश्न

मेश सेगमेंटेशनबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते इथे एका जागी टाकतोय. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच वस्तू घेतलीये, स्कॅन केलेली गणपतीची मूर्ती. तिच्यात सोंड आहे, मोठे पातळ कान आहेत, चार हात, ढेरी, पायाशी उंदीर आणि खाली पाट, त्यामुळे या विषयातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या एका मॉडेलमध्ये भेटते.

सेगमेंटेशन म्हणजे नक्की काय करायचं असतं?

थ्रीडी मॉडेल बहुतेक वेळा मेश असतं, म्हणजे त्रिकोणांचं जाळं. कोपऱ्याला व्हर्टेक्स म्हणतात, कडेला एज आणि त्रिकोणाला फेस. स्टॅनफर्डचा तो प्रसिद्ध ससा घ्या, १९९४ सालचा, त्यात ३५,९४७ व्हर्टेक्स आणि ६९,४५१ त्रिकोण आहेत, आणि एकाही त्रिकोणावर "मी कान आहे" असं लिहिलेलं नाही. आपल्याला दिसतो ससा, कॉम्प्युटरला दिसते नुसती आकड्यांची यादी. तर प्रत्येक फेसला एक नंबर द्यायचा, एका भागातल्या सगळ्यांना सारखा, हे झालं सेगमेंटेशन. त्या नंबरला पुढे "सोंड" किंवा "डावा कान" असं नाव दिलं की त्याला लेबलिंग म्हणतात, ते वेगळं काम आहे आणि जास्त अवघड आहे.

मग "भाग" कशाला म्हणायचं हे ठरवतं कोण?

तुमचं काम ठरवतं. हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि खरंतर तो सगळ्यात आधी यायला हवा, कारण एकाच मूर्तीचे भाग पाच जण पाच तऱ्हेने पाडतील आणि पाचही बरोबर असतील.

ॲनिमेशनवाल्याला हात खांद्यापाशी, कोपरापाशी, मनगटापाशी वेगळा हवा, कारण तिथे तो वाकणार. रंगवणाऱ्याला पीतांबर, दागिने, अंगाचा रंग हे वेगळं हवं, त्याला कोपराशी काही घेणंदेणं नाही. थ्रीडी प्रिंट करणाऱ्याला मशीनमध्ये मावतील असे तुकडे हवेत. आणि पेणच्या कारखान्यात साचा करणाऱ्या माणसाला विचारलंत तर तो काहीतरी वेगळंच सांगेल, त्याला साच्याचे तुकडे असे हवेत की माल सुटताना कुठेही अडकता कामा नये.

या शेवटच्या उदाहरणावर जरा थांबूया, कारण त्यात एक फार सुंदर गोष्ट लपलीये. डोळ्याला जिथे भाग वेगळे वाटतात ती रेघ खोलगट जागेतून जाते, म्हणजे हात जिथे अंगाला मिळतो त्या घळीतून. साच्याची फाट मात्र नेमकी उलट, सगळ्यात फुगीर जागेवरून जाते, ढेरीच्या, हाताच्या सर्वात बाहेरच्या कडेवरून, कारण साचा ज्या दिशेने ओढणार त्या दिशेला पृष्ठभाग जिथे समांतर होतो तिथेच पुढचा आणि मागचा साचा वेगळा करता येतो. घळीत फाट टाकली तर दोन्ही बाजूंचा फुगवटा साच्याला धरून ठेवेल. म्हणजे मूर्ती तीच, जाळं तेच, आणि एकाची रेघ जिथून जाते तिथून दुसऱ्याची कधीच जाणार नाही. त्यामुळे "बेस्ट अल्गोरिदम कुठला" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, भाग कशासाठी पाहिजेत?

जाणकार लोक याचे ढोबळ दोन प्रकार करतात. एक, अर्थ असलेले भाग, हात, पाय, डोकं. दुसरा, पृष्ठभागाचे तुकडे, म्हणजे सपाट किंवा एकसारखे वळलेले पट्टे, ज्यांना नाव असायची गरज नाही. एरियल शमीर यांनी २००८ मध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला, त्यात ही विभागणी नीट मांडलीये. खाली बहुतेक ठिकाणी मी पहिल्या प्रकाराबद्दल बोलतोय.

माणसाचा डोळा भाग कसे पाडतो, त्याचा काही नियम आहे का?

आहे, आणि तो फार साधा आहे. डोनाल्ड हॉफमन आणि व्हिटमन रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये मांडला, त्याला मिनिमा रूल म्हणतात. दोन वस्तू एकमेकीत घुसल्या की जिथे त्या मिळतात तिथे जवळजवळ नेहमीच खोलगट सांधा तयार होतो, आणि आपली नजर हे उलट वापरते: खोलगट सांधा दिसला की तिथे दोन भाग आहेत असं धरते. बोटांच्या बेचक्या बघा, मान बघा, कपाचा कान जिथे कपाला लागतो तिथे बघा.

पण नियम सगळीकडे पुरत नाही. मनगट घ्या, तळवा आणि हात यांच्यात धड घळ अशी नसतेच तरी आपण तिथे रेघ मारतो. मांडी आणि पोट यांच्यात पुढून घडी असते, बाजूने काहीच नाही, मग रेघ पुरी कशी करायची? त्यासाठी मनीष सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शॉर्टकट रूल मांडला: शक्य तितका आखूड छेद घ्या. म्हणूनच आपण हात मनगटापाशी आडवा कापतो, तिरका कापत नाही.

कॉम्प्युटरला खोलगट आणि फुगीर यातला फरक कसा कळतो?

शेजारच्या दोन फेसमधल्या कोनावरून. प्रत्येक फेसला एक नॉर्मल असतो, म्हणजे बाहेर तोंड केलेला बाण. दोन शेजाऱ्यांचे बाण एकमेकांकडे झुकत असतील तर मध्ये घळ आहे, लांब जात असतील तर कंगोरा आहे. सॅगी कात्झ आणि आयलेट ताल यांची २००३ ची पद्धत इथूनच सुरू होते. एका फेसवरून शेजारच्या फेसवर जायचा एक "खर्च" ठरवायचा, त्यात थोडा वाटा पृष्ठभागावरून चालायच्या अंतराचा आणि थोडा कोनाचा, आणि कोन खोलगट असेल तर खर्च भरपूर वाढवायचा, फुगीर असेल तर कमी. असं केलं की सोंडेच्या टोकापासून सोंडेच्या बुडापर्यंत जायला स्वस्त पडतं पण बूड ओलांडून गालावर जायला महाग. मग जे फेस एकमेकांना स्वस्त ते एका गटात, जे कुठल्याच बाजूला पक्के नाहीत ते तसेच संशयित ठेवायचे, आणि शेवटी त्या संशयित पट्ट्यातून सगळ्यात चांगली कापायची रेघ शोधायची. ही संशयित पट्ट्याची कल्पना मला फार आवडते, कारण सीमा ही पहिल्याच फटक्यात ठरवायची गोष्ट नाही, आधी अंदाज आणि मग नेमकेपणा.

मी स्कॅन केलेल्या मॉडेलवर चालवलं तर हजारो बारीक तुकडे पडले, का?

नॉइजमुळे, म्हणजे स्कॅनमध्ये आलेल्या बारीक थरथरीमुळे. कर्व्हेचर म्हणजे वळणाचं मोजमाप, ते पृष्ठभाग किती उंच-सखल आहे यावरून येत नाही, उतार किती पटकन बदलतो यावरून येतं, त्यामुळे अर्ध्या मिलीमीटरची थरथर पण त्याला डोंगर-दऱ्यांसारखी दिसते. वॉटरशेड पद्धतीत तर हे ठरलेलंच (मेशवर ती मँगन आणि व्हिटेकर यांनी १९९९ मध्ये आणली), ती प्रत्येक छोट्या खड्ड्याचा वेगळा भाग करते आणि नंतर ते उथळ खड्डे एकमेकात मिसळावे लागतात.

उपाय असा की आधी मेश थोडं गुळगुळीत करा, पण साधं लॅप्लेशियन स्मूदिंग (प्रत्येक व्हर्टेक्स शेजाऱ्यांच्या सरासरी जागेकडे सरकवणं) नको, त्याने बोटं आणि कान बारीक होत जातात. टॉबिन स्मूदिंग घ्या, मेशलॅब या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आयतं आहे, ते एक पाऊल आत आणि एक पाऊल बाहेर टाकतं म्हणून आकार आक्रसत नाही. आणि दुसरं म्हणजे दहा लाख फेसवर काम करूच नका. क्वाड्रिक पद्धतीने (आकार शक्य तितका राखून फेस कमी करायची पद्धत) वीस-तीस हजारांवर आणा, त्याच्यावर भाग पाडा, मग मूळ मॉडेलच्या प्रत्येक फेसला जवळच्या छोट्या मेशच्या फेसचा नंबर देऊन टाका, तपशील मूळचेच राहतात आणि भाग स्वच्छ येतात.

शेप डायमीटर फंक्शन म्हणतात ते काय?

जाडी. एका शब्दात एवढंच, आणि तरी या विषयातली सगळ्यात कामाची कल्पना तीच असं माझं मत आहे.

लिओर शपिरा, एरियल शमीर आणि डॅनियल कोहेन-ओर यांनी २००८ मध्ये ती मांडली. प्रत्येक फेसवरून मॉडेलच्या आत, नॉर्मलच्या उलट दिशेने, शंकूच्या आकारात किरण सोडायचे आणि ते समोरच्या भिंतीला किती अंतरावर आपटतात ते मोजायचं, जे फारच वेगळे आलेत ते काढून टाकायचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. ही झाली त्या जागची जाडी. ढेरीवर आकडा मोठा येतो, हातावर लहान, कानावर अगदी लहान. फायदा असा की हात वर केला काय, खाली केला काय, हाताची जाडी बदलत नाही, म्हणून एकाच माणसाच्या वेगवेगळ्या पोझवर भाग बऱ्यापैकी सारखे पडतात.

सीजीएएल या भूमितीच्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीत हे तयार मिळतं. तिथे डिफॉल्टला २५ किरण, १२० अंशांचा शंकू, ५ क्लस्टर आणि स्मूदिंगचा आकडा ०.२६ असतो. जाडीच्या आकड्यांचे आधी गट पडतात आणि मग ग्राफ कटने (फेसच्या जाळ्यातून सगळ्यात कमी खर्चाची कापायची रेघ शोधायची पद्धत) सीमा सरळ होतात, म्हणजे शक्य तिथे घळीतून आणि उगाच वेडीवाकडी न जाता.

कुठे फसतं ते पण ऐका. सोंड बुडाशी जाड आणि टोकाला बारीक असते, मग एकाच सोंडेचे दोन-तीन तुकडे होतात. मूर्तीचा तळ स्कॅन झालेला नसेल तर मेश खालून उघडं राहतं आणि किरण बाहेर पळतात. आणि प्रिंटिंगचं मटेरियल वाचवायला मॉडेल आतून पोकळ केलं असेल तर किरण आतल्या भिंतीवरच आपटतात, सगळीकडे दोन-तीन मिलीमीटर, ढेरी आणि बोट एकाच जाडीचे! पोकळ करायच्या आधीचं मॉडेल वापरा.

क्लस्टर ५ दिले होते, तुकडे १४ आले. बग आहे का?

नाही, बग नाहीये. क्लस्टर म्हणजे जाडीचे गट, तुकडे म्हणजे एकमेकांना लागून असलेले सलग भाग. चारही हात एकाच जाडीच्या गटात पडले तरी ते एकमेकांना चिकटलेले नाहीत म्हणून चार तुकडे. बरेच लोक इथे मोजलेल्या भागांचा आकडा टाकतात, तसं करू नका, मॉडेलमध्ये ढोबळमानाने किती वेगवेगळ्या जाड्या आहेत तेवढा आकडा टाका. बहुतेक वेळा दोन किंवा तीनने सुरुवात बरी.

सोंड पोटाला चिकटलीये, काही केल्या वेगळी होत नाही

हा प्रश्न स्कॅनमधून येतो. सोंड आणि ढेरी यांच्यातल्या फटीत स्कॅनरचा प्रकाश पोचला नाही की सॉफ्टवेअर ती फट भरून टाकतं, आणि मग मेशमध्ये तिथे खरोखरच फट नसते, सोंड आणि पोट मिळून एक जाडजूड ठोकळा. अशा जागी कुठलाही अल्गोरिदम फट नव्याने काढून देणार नाही. शक्य असेल तर बाजूने, खालून असे जास्त अँगल घेऊन परत स्कॅन करा. नाहीतर ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नाईफ टूलने हाताने रेघ मारा, दोन्ही बाजू वेगळ्या करा आणि उघडी पडलेली भोकं भरा. दहा मिनिटांचं काम असतं आणि त्यात कमीपणा काही नाही, चांगल्या स्टुडिओंमध्ये पण शेवटचा हात माणसाचाच लागतो. हातातला मोदक आणि सोंडेचं टोक, पायाशी उंदीर आणि पाट, इथे पण हेच होतं.

एसटीएल फाईलवर काहीच चालत नाही, प्रत्येक त्रिकोण वेगळा तुकडा म्हणून येतो

एसटीएल हा थ्रीडी प्रिंटिंगमधला नेहमीचा फाईल प्रकार, त्यात प्रत्येक त्रिकोण आपले तीन कोपरे स्वतंत्रपणे लिहितो, कोण कोणाचा शेजारी हे फाईलमध्ये नसतंच. आधी एकाच जागी असलेले व्हर्टेक्स एकत्र करा, ब्लेंडरमध्ये मर्ज बाय डिस्टन्स. मग एवढं तपासा: नॉर्मल सगळे बाहेर तोंड करून आहेत का, एखाद्या एजला तीन-चार फेस चिकटलेत का (त्याला नॉन-मॅनिफोल्ड म्हणतात आणि त्यावर बरेच प्रोग्रॅम सरळ बंद पडतात), डुप्लिकेट फेस आहेत का, भोकं आहेत का. अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, खरंच.

नेटवरून उतरवलेली गाडी आधीच शेकडो तुकड्यात आहे, तिचं काय?

मग तुमचा प्रश्न उलटा झाला. गेमसाठी किंवा कॅडमध्ये केलेल्या मॉडेलमध्ये प्रत्येक नट, रिम, काच वेगळी असते, तिथे तोडायचं नसतं, गोळा करायचं असतं: टायर, रिम, नट मिळून "चाक". अशा मॉडेलवर घळ शोधणारे अल्गोरिदम निरुपयोगी. ब्लेंडरमध्ये पी दाबून लूज पार्ट्सने वेगळं करा आणि मग तुकड्यांच्या जागा, आकार, सममिती बघून गट करा. चार ठिकाणी तोच आकार सापडला तर ती बहुतेक चाकंच.

सिमँटिक आणि इन्स्टन्स यात काय फरक?

चार हातांना मिळून "हात" हे एक लेबल, हे सिमँटिक. हात १, हात २, हात ३, हात ४ हे इन्स्टन्स. एवढंच.

डीप लर्निंग आल्यावर हे जुनं सगळं कशाला शिकायचं?

आधी डीप लर्निंगने काय आणलं ते सांगतो. जुन्या पद्धती घळ, जाडी, वळण बघतात, त्यांना "खुर्ची" म्हणजे काय ते माहीत नसतं. खुर्चीची पाठ आणि बैठक जिथे एकाच गुळगुळीत वळणाने जोडलीये तिथे घळ नाही, जाडी सारखी, तरी आपल्याला दोन भाग दिसतात, कारण आपण आयुष्यभर खुर्च्या बघितल्यात. हे ज्ञान उदाहरणांतूनच येतं. २०१० मध्ये कालोगेराकिस, हर्ट्झमन आणि सिंग यांनी लेबल केलेल्या मेशवरून शिकणारी पद्धत दाखवली, तेव्हा डीप लर्निंग यात आलंही नव्हतं. मग २०१७ ला पॉइंटनेट आलं, चार्ल्स ची आणि सहकाऱ्यांचं, जे जाळं बाजूला ठेवून थेट पॉइंट घेतं, भाग ओळखायला एका वस्तूचे २,०४८. त्याच वर्षी पॉइंटनेट प्लस प्लस, जे आजूबाजूचा परिसर पण बघतं. २०१९ चं मेशसीएनएन एजवर चालतं.

आणि डेटा. शेपनेट या थ्रीडी मॉडेलांच्या संग्रहातल्या, भाग लेबल केलेल्या संचात १६ प्रकारच्या १६,८८१ वस्तू आणि ५० लेबलं आहेत. २०१९ चं पार्टनेट २४ प्रकार, २६,६७१ मॉडेल आणि ५,७३,५८५ भाग. आकडे मोठे वाटतात पण आत काय आहे ते बघा: शेपनेटच्या त्या संचात टेबलं आणि खुर्च्याच निम्म्याच्या वर, बाकी विमानं, दिवे, कप, गिटार. गणपती नाही, समई नाही, तबला नाही. ज्या वस्तू तिथे नाहीत त्यांच्यावर नेटवर्क ठामपणे चुकीचं उत्तर देतं. शिवाय तिथली मॉडेलं एकाच दिशेला तोंड करून ठेवलेली आहेत, तुमचा स्कॅन आडवा असेल तर आकडे धाडकन पडतात, म्हणून ट्रेनिंगमध्ये मुद्दाम फिरवून फिरवून दाखवावं लागतं.

तर जुनं शिकायचं ते याच्यासाठी. तुमची वस्तू डेटासेटमध्ये नसेल तेव्हा घळ आणि जाडी हे दोघंच तुमच्या मदतीला येतात, आणि नेटवर्कने काढलेली खडबडीत सीमा शेवटी ग्राफ कटनेच साफ होते.

माझ्याकडे लेबल केलेला डेटा नाही आणि करायला वेळ पण नाही

दोन रस्ते आहेत. पहिला को-सेगमेंटेशन: एकाच प्रकारच्या पुष्कळ वस्तू एकदम द्यायच्या आणि त्यांच्यात काय समान आहे त्यावरून भाग शोधायचे. २०१९ चं बीएई-नेट यातलं चांगलं उदाहरण, लेबल न देता किंवा अगदी मोजकी लेबलं देऊन चालतं. त्याच्या लेखकांत सिद्धार्थ चौधुरी आहेत, जे पवईला आयआयटी मुंबईत शिकवायचे, त्यामुळे इथल्या मुलांनी हा विषय परदेशातला म्हणून सोडून देऊ नये.

दुसरा रस्ता फोटोंचा. मेटाने एप्रिल २०२३ ला सॅम आणलं, चित्रातले भाग वेगळे करणारं मॉडेल, १.१ कोटी चित्रांवरच्या १.१ अब्ज मास्कवर (म्हणजे चित्रात वेगळ्या काढलेल्या भागांवर) शिकलेलं. मग लोकांनी असं केलं की थ्रीडी मॉडेलचे चहूबाजूंनी फोटो रेंडर करायचे, प्रत्येक फोटोत सॅमकडून भाग काढून घ्यायचे आणि ते परत मेशवर आणून प्रत्येक फेससाठी मत घ्यायचं. गणपती कधीच न शिकवता सुद्धा सोंड वेगळी येऊ शकते, हे बघून खरंच आनंद होतो. पण कपाची आतली बाजू किंवा काखेखालची जागा कुठल्याच फोटोत दिसत नाही तिथे मत पडत नाही, पीतांबराच्या काठाला सॅम वेगळा भाग समजतं कारण रंग बदलला, आणि एका फोटोत हात अख्खा येतो तर दुसऱ्यात फक्त बोटं, ते जुळवणं हीच खरी मेहनत. रंगाने गोंधळ होत असेल तर टेक्स्चर काढून नुसत्या करड्या रंगात रेंडर करून बघा.

बरोबर आलं की नाही हे मोजायचं कसं?

प्रिन्स्टनच्या चेन, गोलोविन्स्की आणि फंकहाउजर यांनी २००९ मध्ये यासाठी एक बेंचमार्क, म्हणजे तुलनेचा ठरलेला संच, केला. १९ प्रकारची ३८० मॉडेलं, आणि लोकांकडून हाताने पाडून घेतलेले ४,३०० सेगमेंटेशन, म्हणजे एकेका मॉडेलला सरासरी अकरा माणसांची मतं. हे फार शहाणपणाचं होतं, एकच उत्तर बरोबर मानलं असतं तर सगळी तुलना त्या एका माणसाच्या आवडीवर गेली असती. त्यात दिसलं की माणसं बरीच एकमताची असतात पण पूर्ण नाही, आणि तपासलेल्या सात अल्गोरिदमपैकी कुठलाच सगळ्या वस्तूंवर पहिला येत नाही.

मोजायचे प्रकार त्यांनी चार घेतले, त्यातला रँड इंडेक्स समजायला सोपा: फेसच्या जोड्या घ्या, माणसाने ती जोडी एका भागात ठेवलीये का आणि प्रोग्रॅमनेही तसंच केलंय का, किती जोड्यांवर दोघांचं जुळलं ते बघा. भागांचे नंबर जुळायची गरज नाही हा त्याचा फायदा. कट डिस्क्रेपन्सी म्हणजे रेघा एकमेकींपासून किती लांब पडल्या ते. डीप लर्निंगवाले बहुतेक आयओयू वापरतात (खरा भाग आणि काढलेला भाग यांचा सामाईक हिस्सा भागिले दोघांचा मिळून हिस्सा), शेपनेटवर पॉइंटनेटचा ८३.७ टक्के आला होता. पण एक लक्षात ठेवा, विमानाच्या पंखाच्या मधोमध असलेले पॉइंट कोणीही बरोबर ओळखेल, सगळी चुरस सांध्यापाशी असते आणि तिथले पॉइंट संख्येने थोडे, म्हणून टक्के चांगले दिसूनही सांधा फाटका असू शकतो. आकड्याबरोबर रंगवलेलं मॉडेल फिरवून बघाच.

दातांच्या स्कॅनसाठी हेच वापरतात का?

हो, आणि तिथे तर रोजचं काम आहे. अलायनर (दात सरळ करायचे पारदर्शक साचे) करताना प्रत्येक दात वेगळा करून थोडा थोडा सरकवायचा असतो. दात आणि हिरडी यांच्यात घळ असते पण दोन दात एकमेकांना घट्ट लागलेले असतात, शिवाय वाकडे, पडलेले, अर्धवट आलेले. २०२२ च्या एका खुल्या स्पर्धेसाठी ९०० पेशंटचे १,८०० स्कॅन उपलब्ध करून दिले गेले, त्यात २३,९९९ दात लेबल केलेले आहेत, आणि नुसता दात वेगळा करून चालत नाही, तो कितव्या नंबरचा ते पण सांगावं लागतं.

सीटी स्कॅन मात्र वेगळं प्रकरण. तिथे पृष्ठभाग नसतो, आतपर्यंत भरलेले छोटे ठोकळे असतात, व्हॉक्सेल, आणि प्रत्येकाला घनतेचा आकडा, पाणी ० आणि हवा उणे १,०००. हाड त्या आकड्यावरूनच बऱ्यापैकी वेगळं होतं. थ्रीडी स्लायसर हे मेडिकल स्कॅनसाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातून शिका, पण त्याचं आउटपुट उपचारासाठी वापरायचं असेल तर डॉक्टर सोबत हवेत.

मोठी मूर्ती तुकड्यात प्रिंट करायचीये

साध्या प्रिंटरचा, समजा एंडर थ्रीचा, छापायचा आवाका २२० बाय २२० बाय २५० मिलीमीटर. इथे सपाट छेद घ्या, कारण सपाट तोंड बेडवर नीट बसतं आणि चिकटवायला सोपं, आणि छेद शक्यतो दागिन्यांच्या किंवा वस्त्राच्या कडेला लपवा, चेहऱ्यावरून नको. प्रूसास्लायसर या प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कट करताना खुंट्या पण टाकता येतात.

यूव्हीसाठी पाडलेले भाग चालतील का?

यूव्ही म्हणजे मॉडेलवर चित्र चढवायला त्याचा पृष्ठभाग सपाट उलगडणं, त्याला सुरुवात म्हणून चालतील. पण यूव्हीला प्रत्येक तुकडा न ताणता सपाट पसरायला हवा, हात वेगळा काढला तरी ती नळीच असते, तिला लांबीत एक शिवण द्यावी लागतेच, दिसणार नाही अशा बाजूला.

केलेले भाग सेव्ह कसे करायचे, एसटीएलमध्ये गेले की सगळं जातं

एसटीएलमध्ये भागांच्या नंबरला ठरलेली अशी जागाच नाही. ओबीजेमध्ये ग्रुप किंवा मटेरियल लावून ठेवता येतं, पीएलवायमध्ये प्रत्येक फेसला जादा आकडा जोडता येतो, प्रिंटसाठी थ्रीएमएफ घ्या म्हणजे प्रत्येक भाग वेगळी वस्तू म्हणून जातो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे प्रिन्स्टनच्या बेंचमार्कसारखी साधी टेक्स्ट फाईल, एका ओळीत एका फेसचा नंबर, फेस मेशमध्ये ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. यात एकच धोका, नंतर मेश दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून परत सेव्ह केलं तर फेसचा क्रम बदलू शकतो आणि लेबलं भलत्याच जागी बसतात, म्हणून मेश आणि लेबलची फाईल एकाच वेळी, एकाच नावाने ठेवा आणि त्यानंतर त्या मेशला हात लावायचा असेल तर कॉपी करून लावा.